अक्कापर्यंतची लाईन

वसंताला टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी लागली तेव्हा मरुदानल्लूरचे लोक तिच्या वडलांना विचारायचे, पोरीला तिथं काम तरी काय असतं हो? व्यंकोजीराव भजनात मृदंगावर बसणारे, मोजकं बोलणारे गृहस्थ. ते म्हणायचे, "एकाचं दुसऱ्याला ऐकू घालायचं." पुढे सगळी नोकरी संपली तरी वसंताला आपल्या कामाचं याहून चांगलं वर्णन सापडलं नाही.

कुंभकोणमच्या एक्सचेंजमध्ये तेव्हा बोर्डासमोर बायका ओळीनं बसत. कानाला हेडफोन, हातात वायर. ट्रंक कॉल लावायचा म्हणजे आधी तंजावरची बाई, तिच्या पुढं मद्रासची बाई, आणि तिच्याही पुढं आणखी कुणीतरी. लाईन लागली नाही तर का लागली नाही हे पुढच्या बाईला विचारता यायचं. मद्रासची बाई सांगायची, विल्लुपुरमकडं पावसानं तार पडलीय, संध्याकाळपर्यंत आशा धरू नका. वसंता तेच इकडच्या माणसाला सांगायची. माणूस कुरकुरायचा, पण वाट किती बघायची हे कळल्यामुळं निदान घरी जाऊन जेवायचा तरी.

तिची मोठी बहीण सुंदरी त्याआधीच परदेशी गेली होती. दोघींमध्ये बारा वर्षांचं अंतर. आई लवकर गेली, त्यामुळं वसंताची वेणी घालण्यापासून तिला शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं अक्कानंच केलं. मग अक्काचं लग्न झालं. नवरा इंजिनियर, त्याला सातासमुद्रापलीकडच्या एका थंड देशात नोकरी मिळाली आणि अक्का तिकडची झाली. घरी फोन नव्हता, म्हणून दिवाळीला तिचा फोन थेट एक्सचेंजमध्ये यायचा. त्या वेळी सुपरवायझर बाई मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसायच्या. अक्का बोलायची ते घरचं मराठी, जे तंजावरच्या राजांबरोबर तीनशे वर्षांपूर्वी इकडं आलं आणि इकडंच राहिलं. आजूबाजूच्या बोर्डांवर तमिळ चालू असायचं आणि वसंताच्या कानात मात्र अक्का विचारत असायची, "वसू, जेवलीस का गे?"

वर्षं गेली. बोर्ड गेले, वायरी गेल्या, वसंता निवृत्त झाली. सारंगपाणी देवळामागच्या गल्लीत ती आणि तिचे यजमान हयग्रीवराव, दोघंच. मूलबाळ नाही. हयग्रीवराव सहकारी सोसायटीतून निवृत्त झालेले. सकाळची कॉफी त्यांची, बाकी स्वयंपाक वसंताचा, असा बिनबोलता ठरलेला कारभार. अक्काचे यजमान तिकडंच वारले. अक्काला विसरायचा आजार जडला आणि तिच्या मुलानं, अनंतकृष्णानं, जड मनानं तिला वृद्धांच्या एका आश्रमात ठेवलं. तिथं डॉक्टर होते, परिचारिका होत्या. वसंताला ऐकून वाईट वाटलं, पण इतक्या लांबून बोलायला आपल्याला काय जातंय, असं म्हणून ती गप्प राहिली.

गेल्या वर्षी मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरअखेर, अनंतकृष्णाचा फोन आला. तो तिकडंच जन्मलेला, त्याचं तमिळ मोडकं आणि मराठी जवळजवळ नाहीच. तो म्हणाला, "मौशी, आईनं इंग्रजी बोलणं सोडलं. मग तमिळही गेलं. आता ती जे बोलते ते इथं कुणालाच कळत नाही. चार दिवस झाले, ताट पुढं केलं की ढकलून देते. नळीनं अन्न द्यावं लागेल म्हणतात."

वसंता म्हणाली, फोन तिच्या कानाला लाव.

आधी बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. वसंतानं हाक मारली, "अक्का, मी वसू."

"वसू?" पलीकडून आवाज आला, थकलेला पण ओळखीचा. "कोठे गे होतीस? हे लोक मज अंघोळ करू देईनात. अंघोळ नाही, सोवळं नाही, कसं जेवू गे मी?"

एवढंच होतं. त्या आश्रमात रात्री जेवणानंतर, झोपवताना अंघोळ घालायची पद्धत होती. साऱ्या आयुष्यात अक्कानं पारोसं कधी काही खाल्लं नव्हतं. बाकी सगळं विसरली तरी हे विसरली नव्हती. वसंतानं अनंतकृष्णाला समजावलं, त्यानं परिचारिकेला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काला अंघोळ घातली आणि ती जेवली. नळीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

फोन ठेवल्यावर वसंता बराच वेळ ओसरीत बसून राहिली.  मग ती हयग्रीवरावांना म्हणाली, "मी जाते तिकडं. दोन-तीन महिने. तिला काय हवं, काय नको, ते त्या बायकांना कळेपर्यंत." त्यांनी एवढंच म्हटलं की थंडीचे कपडे कुंभकोणममध्ये मिळायचे नाहीत, चेन्नईलाच बघावे लागतील.

मग व्हिसाचा उद्योग सुरू झाला.

अर्ज संगणकावरच भरायचा होता. गावातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात बसून तिनं तो भरायला घेतला आणि पहिल्याच रकान्यात गाडी अडली. आडनाव. आता तमिळनाडूत आडनाव कुणाला असतं? वडलांच्या नावाचं आद्याक्षर पुढं लावायचं की झालं. वसंताच्या पासपोर्टवर नुसतं वसंता होतं, आडनावाची जागा कोरी. संगणक मात्र कोरी जागा घेईना. दुकानवाला म्हणाला, टिंब टाकू. टिंबही घेईना. शेवटी त्या देशाच्या वकिलातीच्या हेल्पलाईनवर फोन लावला. बराच वेळ सतारीची एकच गत वाजत राहिली. मधूनमधून एक यंत्र पुस्तकी तमिळमध्ये सांगायचं की आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. अखेर एका मुलीनं उचलला. ती म्हणाली, नाव दोनदा लिहा. तसं लिहिलं. वसंता वसंता.

चेन्नईला गेल्यावर कळलं की वकिलातीत अर्ज घेतच नाहीत. त्यासाठी एक वेगळं केंद्र आहे, एका चकचकीत इमारतीत. तिथल्या खिडकीवरच्या तरुणानं अर्ज बघितला आणि परत सरकवला. आडनावाच्या जागी नाव लिहिलंय, हे चालणार नाही, म्हणाला. वसंतानं सांगितलं, तुमच्याच हेल्पलाईननं तसं लिहायला सांगितलंय. तो म्हणाला, हेल्पलाईन आमची नाही. मग कुणाची? ते त्याला ठाऊक नव्हतं. वडलांचं नाव आडनाव म्हणून लिहा, म्हणाला. तारीख नव्यानं घ्यावी लागली. कुंभकोणमला परत, पुन्हा अर्ज, पुन्हा रात्रीची गाडी. या वेळी खिडकीवर एक मुलगी बसली होती, आणि तिनं आडनावाच्या रकान्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मुलाखत वकिलातीच्या इमारतीत झाली. मोबाईल बाहेर ठेवायचा, पिशवी बाहेर ठेवायची, नुसते कागद घेऊन आत जायचं. काचेपलीकडं एक मध्यमवयीन अधिकारी होता आणि त्याच्या बाजूला भाषांतरासाठी एक तमिळ बाई. अनंतकृष्णाचं निमंत्रण आणि आश्रमाच्या डॉक्टरांचं पत्र असे दोन्ही कागद वसंताजवळ होते. तिनं आपली हकीकत सांगायला सुरुवात केली, पण अधिकाऱ्याला हकीकत नको होती, उत्तरं हवी होती.

"तुमची बहीण कुठली भाषा बोलते?"

"मराठी."

त्यानं संगणकात बघितलं. "मराठी महाराष्ट्रात बोलतात. तुम्ही महाराष्ट्रात कुठल्या?"

"मी महाराष्ट्र बघितलेला नाही."

त्यानं तिच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. वसंताच्या लक्षात आलं की आपण खरं बोललो आणि तेच खोटं वाटलं. तिनं तमिळमध्ये सांगितलं, तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं, त्यांच्याबरोबर आमचे लोक आले, आम्ही घरात मराठी बोलतो आणि बाहेर तमिळ. बाजूच्या बाईनं त्याचं भाषांतर केलं, पण पाच वाक्यांचं तिनं एक वाक्य केलं. वसंताला ते खटकलं. त्यानं पुढं विचारलं, मुलं किती? नाहीत. घर स्वतःचं? भाड्याचं. परत येणार कशावरून? वसंता म्हणाली, माझं घर इथं आहे, माझे यजमान इथं आहेत. तो काहीतरी टाईप करत राहिला. नंतर म्हणाला, कळवू.

कळवलं ते एका छापील कागदानं. त्यावर चौकोन होते आणि दोन चौकोनांत खुणा होत्या. अर्जदार मुदतीत परत येईल याची खात्री वाटत नाही. प्रवासाची गरज सिद्ध होत नाही. खाली टाईप केलेली एक ओळ होती: त्या देशात मराठीचे व्यावसायिक दुभाषी उपलब्ध आहेत.

हयग्रीवरावांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावून वाचला. ते सहसा रागावत नाहीत. पण त्या दिवशी ते म्हणाले, "इथं जन्मलो, इथं म्हातारे झालो, आणि आता परत येशील का म्हणून विचारतात. जाऊन राहायचंच असतं तर ही चाळीस वर्षांपूर्वीच गेली नसती?"  वसंताला रागापेक्षा दुसरंच काहीतरी वाटत होतं. नकार तिला नवा नव्हता. तिनं स्वतः जन्मभर लोकांना लाईन नाही म्हणून सांगितलं होतं. पण तार कुठं तुटलीय हे सांगणारं कुणीतरी असायला हवं, असं तिचं म्हणणं होतं.

म्हणून ती हेल्पलाईनवर फोन करत राहिली. दर वेळी दुसरी मुलगी. नाव सांगायची, ऐकून घ्यायची, आणि म्हणायची की आपली तक्रार पुढं पाठवलेली आहे. मेल केला की क्षणात उत्तर यायचं, आणि त्या उत्तराला उत्तर देऊ नये असं त्याच्याच खाली लिहिलेलं असायचं. वकिलातीच्या नंबरावर फोन केला तर यंत्र हेल्पलाईनचा नंबर सांगायचं, आणि हेल्पलाईन म्हणायची, निर्णय वकिलातीचा.

एकदा सौम्या नावाच्या मुलीनं फोन घेतला. आवाजावरून ती मदुरैकडची असावी. वसंतानं तिला तक्रार सांगितलीच नाही. तिनं विचारलं, "पोरी, तू एक सांग. तुला पुढं कुणाला विचारता येतं का?"

 मुलगी जरा खालच्या आवाजात म्हणाली, "नाही मॅडम. तुम्हाला जो स्क्रीन दिसतो तोच आम्हाला दिसतो. आम्ही त्यांच्यापैकी कुणालाही कधी पाहिलेलं नाही."

वसंतानं तिचे आभार मानले आणि फोन ठेवला. त्यानंतर हेल्पलाईनवरच्या पोरींवर तिचा राग राहिला नाही. कानावर हेडफोन देऊन त्यांना बोर्डासमोर बसवलं होतं, पण हातात वायरच दिली नव्हती. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि लाईन कुणाला लावून द्यायची नाही, या नोकरीत जीव कसा टिकत असेल, याचाच ती विचार करत राहिली.

इकडं हे चाललं असताना तिकडच्या आश्रमानं खरोखरच एक मराठी दुभाषी नेमली. जयश्री तिचं नाव, मूळची नाशिकची, लग्नानंतर त्याच शहरात राहणारी. ती आठवड्यातून दोनदा यायची. तिनं पहिल्याच दिवशी अक्काशी छान गप्पा मारल्या म्हणून अनंतकृष्ण खुश होता. नंतरच्या आठवड्यात अक्काची पुन्हा चिडचिड सुरू झाली. सारखी म्हणायची, "पल्लु नीट बसेना गे, पल्लु नीट बसेना." जयश्रीला वाटलं पल्लू म्हणजे पदर, म्हातारीला साडीची आठवण येते आहे. परिचारिकांनी मायेनं तिच्या खांद्यावर शाल घातली, पिनेनं नीट टाचून दिली. अक्कानं ती ओढून फेकली आणि रडायला लागली. जेवण पुन्हा बंद.

अनंतकृष्णानं मौशीला फोन जोडला. जयश्रीही तिथंच होती. वसंतानं अक्काचं ते वाक्य ऐकलं आणि म्हणाली, "पदर नव्हे हो. पल्लु म्हणजे तमिळमध्ये दात. कवळी बसत नाहीये तिची. हिरडी बघा."

बघितली. आत जखम झाली होती.

कवळी काढली, औषध लावलं, अक्का शांत झाली. मग जयश्री बाहेरच्या व्हरांड्यात आली आणि फोनवर वसंताशी बोलायला लागली. आधी तिनं क्षमा मागितली. वसंता म्हणाली, क्षमेचं काय, तुमची चूक नाही, आमच्या घरात दोन भाषा एकाच ताटात वाढलेल्या असतात, आमचं आम्हालाच कधी कधी वेगळं करता येत नाही. जयश्रीला तिचं बोलणं ऐकून मजा वाटत होती. ती म्हणाली, तुमच्या अक्का 'उदक' म्हणतात, 'मज' म्हणतात, हे सगळं मी फक्त पोथीत वाचलेलं. कुणी तहान लागल्यावर हे शब्द बोलत असेल असं वाटलं नव्हतं. मग म्हणाली, "मावशी, खरं सांगू? मला निम्मं कळतं. उरलेलं निम्मं मी अंदाजानं सांगते. तुमचा व्हिसा माझ्यासारख्या दुभाष्यांच्या नावावर नाकारलाय, हे अनंतनं मला आज सांगितलं."

वकिलातीला पत्र लिहा म्हणून वसंतानं तिला सांगितलं नव्हतं. जयश्रीनं आपणहून लिहिलं. आपण प्रमाणपत्रधारक दुभाषी आहोत, आणि या बाईंचं बोलणं आपल्याला पुरेसं समजत नाही. ती पुण्या-नाशिकच्या मराठीपासून तीनशे वर्षं दूर राहिलेली, तमिळ मिसळलेली बोली आहे. चुकीच्या भाषांतरानं रुग्णाला इजा झाली, ती कशी, हेही तिनं लिहिलं. स्वतःच्या पोटावर पाय येईल असं ते पत्र होतं. आश्रमाच्या डॉक्टरांनी त्याला आपलं टिपण जोडलं.

वसंतानं नव्यानं अर्ज केला. पुन्हा चेन्नई, पुन्हा काच. या वेळी अधिकारी वेगळा होता, तरुण, घाईत असलेला. त्यानं प्रश्नच विचारले नाहीत. पासपोर्ट ठेवून घेतला आणि जायला सांगितलं.

त्यानंतर काहीच घडेना. आठवडे गेले. संकेतस्थळावर एकच ओळ दिसायची, अर्ज विचाराधीन आहे. पासपोर्ट त्यांच्याकडं, त्यामुळं दुसरं काही करण्याची सोय नाही. हयग्रीवराव तिला स्कूटरवर बसवून तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या पिळ्ळैयारला, म्हणजे गणपतीला, घेऊन गेले. देवासमोर उभं राहून वसंतानं व्हिसा मागितलाच नाही. काय ते एकदाचं सांगा, एवढंच म्हणाली. परतताना तिला स्वतःचंच हसू आलं.

एक गोष्ट मात्र या काळात झाली. तिनं रोज संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, अक्काला फोन करायला सुरुवात केली. परिचारिका फोन अक्काजवळ ठेवायची आणि अंघोळ, कपडे, खाणं असं आपलं काम करत राहायची. अक्का काय म्हणते ते वसंता तिला मोडक्या इंग्रजीत सांगायची, आणि परिचारिका काय करणार आहे ते अक्काला मराठीत. पाणी गरम आहे म्हणते गे. हात वर कर म्हणते. अक्काला वसू शेजारच्या खोलीत आहे असं वाटायचं. "भिंतीआडून काय बोलतेस, आत ये की," असं म्हणायची. वसंता सांगायची, हातातलं काम आटपून येते.

चैत्र उलटून गेला आणि एके दिवशी कुरिअरवाल्यानं बेल वाजवली. लिफाफ्यात पासपोर्ट, आणि त्यात व्हिसा. दोन महिन्यांचा. सोबत चिठ्ठी नाही, कारण नाही. आधी का नाही म्हणाले हे जसं कळलं नव्हतं, तसंच आता हो का म्हणाले हेही कळलं नाही. जयश्रीचं पत्र कुणी वाचलं असेल, किंवा नसेलही.

वसंता गेली. आश्रमाच्या दारात अनंतकृष्णानं तिची बॅग घेतली. खोलीत अक्का खिडकीजवळ खुर्चीत बसली होती, लहानशी झालेली, केस पांढरे आणि विरळ. वसंता पुढं गेली. अक्कानं वर बघितलं आणि शहाण्या घरच्या बाईनं पाहुणीला म्हणावं तसं म्हणाली, "यावं. बसा. कोण तुम्ही?"

वसंता थबकली. एवढ्या सगळ्या खिडक्यांवर तिनं आपण कोण हे सांगितलं होतं, कागद दाखवले होते. अक्कापुढं दाखवायला कुठला कागद आणणार? अक्काच्या मनातली वसू एक्सचेंजमध्ये कामाला जाणारी तरुण मुलगी होती. ही सहासष्ट वर्षांची, चष्मा लावलेली, लोकरी टोपी घातलेली बाई तिनं ओळखावी कशी?

अक्का आर्जवानं म्हणाली, "माझी धाकटी बहीण भेटली का हो तुम्हास? इथेच असते. तिला सांगा, मी वाट बघते."

"सांगते," वसंता म्हणाली. ती उठून बाहेर गेली. व्हरांड्यात भिंतीला टेकून तिनं डोळे पुसले, घसा साफ केला, आणि अर्धवट उघड्या दाराआडून हाक मारली, "अक्का, अंघोळ झाली का गे?"

"वसू," आतून लगेच उत्तर आलं. "केव्हाची बोलावते तुज."

पुढचे दोन महिने हे असंच चाललं. समोर बसलेली वसंता म्हणजे कुणी ओळखीच्या बाई, ज्यांच्याशी अक्का अदबीनं बोलायची. पाठीमागून बोलणारी ती वसू. मग वसंतानं रोज अक्काच्या मागं उभं राहून तिचे केस विंचरायला सुरुवात केली. चेहरा दिसत नसला की बोलणं सुरळीत चालायचं. मरुदानल्लूरच्या ओसरीवरचं, वडलांच्या मृदंगाचं, कुठल्याशा लग्नात सांडलेल्या सांबाऱ्याचं. सुरुवातीला वसंताला या दोन वसंतांचा त्रास झाला. अनंतकृष्ण म्हणायचा, मौशी, तू तिला ठामपणे सांग ना. पण तिनं सांगितलं नाही. चेहऱ्याची ओळख हट्टानं पटवता येत नाही, आणि आवाज तर पोचत होता.

आपल्या ठरल्या दोन दिवशी जयश्री यायची. आश्रमानं तिला काढलं नव्हतं. उलट वसंता असेपर्यंत शिकून घे म्हणाले. ती दोघींच्या जवळ बसून ऐकायची, अडलं की विचारायची. परिचारिकाही कानानं चार शब्द शिकल्या. त्यांतली एक, उंच, मोठ्या हाताची बाई, अक्काला अंघोळीला नेताना "चल गे" म्हणायला लागली, आणि अक्का निमूट चालू लागायची.

मुदत संपायच्या आधी वसंता निघाली. निरोप घ्यायला ती अक्काच्या समोर गेली नाही, पाठीमागूनच, केस विंचरून झाल्यावर म्हणाली, "अक्का, ड्युटीवर जाते. संध्याकाळी बोलू." अक्का म्हणाली, "बरं. जेवून जा." विमानात बसेपर्यंत वसंताला ते दोन शब्द ऐकू येत राहिले.

परत आल्यावर तिनं दारासुरम्‌ला एका विणकराच्या घरी जाऊन जयश्रीसाठी एक साधीशी रेशमी साडी घेतली, मोरपंखी, बारीक काठाची, आणि पोस्टानं पाठवली. गल्लीतल्या लोकांना वाटू लागलं की वसंताला आता व्हिसाचं सगळं कळतं. मुलाकडं जायचंय, मुलीचं बाळंतपण आहे, नकार आलाय, काय करू, असं विचारत लोक येतात. ती त्यांना बसवते, कॉफी देते, सगळं ऐकून घेते. कधी आडनावाचा रकाना कसा भरायचा ते सांगते. पण नकार का आला असं कुणी विचारलं, की ती म्हणते, "मला नाही कळलं. त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही. पण तुम्ही चुकलात असं मात्र समजू नका." काही लोकांना हे उत्तर पुरत नाही. काही जण मात्र थोडे हलके होऊन जातात.

संध्याकाळी दिवा लावून झाला की ती ओसरीत बसते आणि फोन लावते. अक्काचे शब्द आता कमी होत चाललेत. काही दिवशी ती काहीच बोलत नाही. मग वसंताच बोलत राहते. आज बाजारात कोवळी वांगी आली होती, मरुदानल्लूरला एकादशीचं भजन झालं, मृदंगावर कोण बसलं होतं, ह्यांनी कॉफीत साखर जास्त टाकली. पलीकडून श्वास येत असतो, संथ. मधूनच ती उंच परिचारिका फोन जवळ घेऊन सांगते, ऐकतेय, डोळे उघडे आहेत, बोला. आणि वसंता पुढं बोलते.